बसमधली बाके : विकावीत, टाकावीत की ठेवावीत?

"आई, आम्ही बस घेतली," लेकीने फोनवर सांगितले. मी म्हटले, "बरे झाले. गाडी दुरुस्तीला दिलीस का?" मला वाटले, तिने कामावर जायला बस पकडली. पलीकडे जरा वेळ कुणी बोलेना. मग जावयाच्या हसण्याचा आवाज आला. त्याला मराठी येत नाही, पण आमचा गोंधळ त्याला बरोबर कळतो. लेक म्हणाली, "तशी नाही गं. अख्खी बस. विकत. पिवळी, शाळेची."

ही गोष्ट दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीची. लिलावात निघालेली, बावीस बाकांची, दर बाकावर तीन अशा सहासष्ट मुलांची ती बस होती. आतले सगळे काढून तिथे ओटा, पलंग, संडास-बाथरूम बसवायचे, स्वतःचे घर भाड्याने द्यायचे आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन एक वर्ष देशभर फिरायचे असा दोघांचा बेत होता. दोघांचेही काम कॉम्प्युटरवरचे, कुठूनही करता येण्यासारखे.

आम्ही १९८९ साली दोन सूटकेसी घेऊन ह्या देशात आलो. पुढे चिप्सच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे चँडलरला स्थायिक झालो, घर घेतले, त्याचे हप्ते फेडले. आणि आता आमची एकुलती एक लेक बसमध्ये राहायला निघाली होती! ह्यांनी दोन दिवस तिच्याशी बोलणे टाळले. मी बोलले, आणि जे बोलले ते इथे छापण्यासारखे नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "आई, बाके काढायला येशील का? तू नट-बोल्टवाल्यांच्या घरातली आहेस." मी गेले. सहा शनिवार-रविवार गेले.

यंदाच्या कोजागिरीला मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांनी मला बाजूला घेऊन विचारले, की त्यांच्याही मुलांच्या डोक्यात असे काही शिरले आहे, तर आतल्या जुन्या सामानाचे काय करायचे असते, त्याचे पैसे येतात का, की सगळे कचऱ्यात जाते? प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

दापोडीचे संस्कार

"नट-बोल्टवाल्यांचे घर" म्हणजे काय ते आधी सांगते. माझे वडील पुण्याजवळ दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात फिटर होते. दापोडी, औरंगाबादजवळचे चिकलठाणा व नागपूरजवळचे हिंगणा ही एस.टी.ची तीन मध्यवर्ती वर्कशॉप्स. कंपनीकडून नुसती चॅसिस यायची, आणि तिच्यावर सांगाडा, पत्रा, बाके, खिडक्या असे सगळे आपल्या लोकांनी उभे करायचे.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या बेडफर्ड गाड्यांचा बांधा लाकडी आणि गाद्या काथ्याच्या होत्या. पुढे लाकूड जाऊन ॲल्युमिनियम आले, काथ्या जाऊन फोम आणि रेक्झीन आले. २०१८ च्या सुमारास एस.टी.ने जुन्या ॲल्युमिनियमच्या गाड्यांचा वरचा भाग काढून त्याच चॅसिसवर पोलादी सांगाडा चढवायला सुरुवात केली. म्हणजे गाडी जुनी झाली की सगळीच मेली असे नसते. तिचे काही भाग आधी जातात, काही पुढच्या जन्मालाही उपयोगी पडतात. कोणता भाग कोणत्या रांगेत आहे हे ओळखणे म्हणजेच ह्या कामातली निम्मी अक्कल.

वडिलांनी सरकारी खिळासुद्धा कधी घरी आणला नाही. पण सवय आणली. घरात काहीही उघडले की निघालेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचे. "काढताना जो घाई करतो, तो बसवताना रडतो," असे ते म्हणत. चँडलरच्या उन्हात ते वाक्य मला रोज आठवले.

आत असते काय काय?

अमेरिकेतली शाळेची बस बाहेरून कुठल्याही कंपनीची असो, आतून बहुतेक सारखीच. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर ह्या प्राध्यापकांनी एक परिषद भरवली आणि तिथे शाळेच्या बसची मापे व रंग ठरले. तो प्रसिद्ध पिवळा रंग तेव्हाचाच. त्याचे जुने नाव 'नॅशनल स्कूल बस क्रोम' असे होते, कारण त्यात शिशाचे क्रोमेट असे. पुढे शिसे गेले आणि नावातला 'क्रोम'ही गेला. ही केवळ गंमतीची माहिती नव्हे. फार जुनी बस असेल तर तिचा रंग घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नये, एवढे त्यावरून समजावे.

बाक असते ३९ इंच रुंद. त्याला पाय असतात ते फक्त मधल्या वाटेच्या बाजूला. भिंतीकडची बाजू भिंतीलगतच्या लोखंडी पट्टीवर टेकून बोल्टने आवळलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे विकताना कामाला येते. आमच्या बसमध्ये दर बाकाला खाली चार व बाजूला दोन असे सहा बोल्ट होते. बावीस बाकांचे झाले एकशेबत्तीस.

बाकांखाली रबराची चटई, तिच्याखाली प्लायवुड, त्याखाली जस्त चढवलेला पोलादी पत्रा. डोक्यावर आणि खिडक्यांच्या वर पातळ पत्र्याचे तक्ते, त्यांच्यामागे काचतंतूंची पिवळी लादी. मागच्या बाजूला इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारे हीटर. शिवाय बाहेर लाल-पिवळे लुकलुकणारे दिवे, उघडझाप करणारी 'स्टॉप'ची पाटी, पुढचे गोल आरसे, आणि ह्या सगळ्यांना जोडणारे तांब्याच्या तारांचे भलेमोठे जुडगे.

काढण्याची रीत

बोल्ट वरून फिरवला की खाली त्याचा नटही फिरतो. म्हणून एकाने आत, एकाने बसखाली पाना धरून झोपायचे. आमच्यात खाली झोपायचे काम जावईबापूंकडे आले. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेमुळे आमच्या बसचे निम्म्याहून अधिक नट सुटले. उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने नट गंजून एकजीव होतात. तिथली बस असेल तर बोल्टचे डोके ग्राइंडरने कापण्यावाचून गत्यंतर नाही.

ग्राइंडर आला की ठिणग्या आल्या. बाकाच्या आत पॉलियुरेथेनचा फोम असतो. गाडीच्या आतल्या कापडा-गाद्यांनी आग हळू पकडावी असा केंद्र सरकारचा नियम १९७२ पासून आहे, पण हळू म्हणजे पकडतच नाही असे नव्हे. आणि पेटल्यावर निघणारा धूर विषारी असतो. म्हणून बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात, जवळ पाण्याची बादली व अग्निशामक नळकांडे ठेवावे, शक्य तर गादी आधी वेगळी करावी. आमच्या बसमध्ये गादी दोन पकडींवर बसवलेली होती. त्या फिरवल्या की गादी उचलून बाहेर येई. ही युक्ती आम्हाला नवव्या बाकाला कळली.

गादीखाली काय काय मिळाले म्हणून सांगू! पेन्सिली, च्युइंगगमचे दगड, केसाची पिन, एका मुलाचे न दिलेले प्रगतिपुस्तक. लेकीने ते वाचले आणि म्हणाली, "बिचारा." मग आम्ही तिघांनी त्या दिवशी तिथेच डबा खाल्ला. बस आल्यापासून आम्ही प्रथमच एकत्र जेवत होतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. इथे २०२३ साली फिनिक्सला लागोपाठ ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेला होता, हे आपणांस आठवत असेल. पोलादी पत्र्याची बंद बस म्हणजे भट्टीच. हे काम ऑक्टोबर ते मार्च ह्या महिन्यांतच काढावे. आणि बस घराच्या दारात उभी करता येईल असे गृहीत धरू नये. आमच्या वसाहतीची नियमावली आम्ही बस आणल्यावर वाचली. मग भाड्याची जागा शोधावी लागली. नियमावली आधी वाचावी, बस नंतर आणावी.

तीन ढीग

पहिल्याच दिवशी जमिनीवर खडूने तीन चौकोन आखावेत: 'पुन्हा वापरायचे', 'विकायचे', 'भंगार'. चौथा कचऱ्याचा ढीग आपोआप होतो. तो जितका लहान राहील तितके काम शहाणपणाचे झाले.

पुन्हा वापरण्यात पहिला मान छताच्या पत्र्यांचा. पलंगामागे किंवा न्हाणीघराजवळ खिडकी नको असेल, तर तिच्या जागी पत्रा बसवावा लागतो. तो छताच्याच तक्त्यातून कापून काढता येतो. जमिनीला पडलेली बोल्टची भोकेही त्याच पत्र्याच्या तुकड्यांनी व गंजरोधक लेपाने बुजवता येतात. ती उघडी ठेवून वर नवी फरशी घालू नये. खालून पाणी येते आणि दोन पावसाळ्यांत सगळे कुजते. दिव्यांच्या तारा कुठून कुठे जातात याचे कागदावर चित्र काढून ठेवले, तर त्यातल्या बऱ्याच आतल्या दिव्यांना वापरता येतात. भिंतीलगतची बाके टेकवायची पट्टी घाईने कापू नये. ओटा आणि कपाटे आवळायला तिच्यासारखा आधार नाही. मागचा संकटकाळचा दरवाजा व छतातली झडप तर हलवूच नये. घर झाले तरी आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट लागतेच.

विकण्याच्या ढिगात बाके, हीटर आणि दिवे. अपंग मुलांसाठी चाकाची खुर्ची चढवणारी लिफ्ट बसला असली तर तिला सर्वांत चांगली किंमत येते. आमच्या बसला नव्हती. हीटर घेणारा माणूस मोंटानाचा निघाला. चँडलरमध्ये बसच्या हीटरचे काय करणार? वस्तूची किंमत वस्तूत नसते, गिऱ्हाइकाच्या गावात असते.

ह्यावरून आमच्या गावाचीच एक गोष्ट आठवते. चँडलर हे नाव डॉ. ए. जे. चँडलर ह्या पशुवैद्यावरून पडले. १९१२ साली त्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि गाव वसले. ह्याच भागात तेव्हा शहामृग पाळत, कारण बायकांच्या टोप्यांत शहामृगाची पिसे खोवण्याची फॅशन होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फॅशन गेली, पिसांचा भाव कोसळला. शहामृग तोच, पीस तेच, फक्त टोप्या बदलल्या. आज उरली आहे ती शहामृगाच्या नावाची जत्रा. जुने सामान विकायला बसणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

भंगाराच्या ढिगाला चुंबक लावून पाहावे. चिकटले तर लोखंड, त्याचा भाव सर्वांत कमी. न चिकटणारे ॲल्युमिनियम त्याहून बरे. तांब्याची तार सर्वांत महाग. तिन्ही वेगवेगळ्या खोक्यांत न्यावीत. एकत्र नेली तर भंगारवाला सगळ्याला लोखंडाचा भाव लावतो, आणि त्यात त्याची चूक नसते. ओळखपत्र बरोबर ठेवावे, विचारतात.

लाल दिवे आणि 'स्टॉप'ची पाटी ह्यांबद्दल मात्र हयगय नको. शाळेच्या कामातून कायमच्या बाहेर पडलेल्या बसचा रंग बदलावा आणि ही पाटी व दिवे काढावेत, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि राज्याराज्यांचे आपापले नियम आहेत. कारण उघड आहे. तो पिवळा रंग व ते दिवे पाहून लोक गाड्या थांबवतात ते मुलांसाठी. त्या खुणेचा दुसऱ्या कुणी वापर केला तर खुणेवरचा विश्वास जातो.

आपल्याकडचे दाखले

बाके काढून बसचे दुसरेच काही करणे ही अमेरिकन टूम आहे असे कुणी समजू नये. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या 'डोअर स्टेप स्कूल' ह्या संस्थेने १९९८ साली 'स्कूल ऑन व्हील्स' सुरू केले. बसच्या आत वर्ग, आणि वर्गच मुलांच्या दाराशी. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसेसची बायकांसाठी स्वच्छतागृहे झाली. त्यांचे नाव 'ती'. आणि मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे प्रवासी नाहीत म्हटल्यावर एस.टी.ने जुन्या गाड्यांतली बाके काढून, खिडक्या पत्र्याने बंद करून त्यांचे मालट्रक केले. ही बातमी मी इथे वाचली तेव्हा वडील हवे होते असे वाटले. खिडकी पत्र्याने बंद कशी करायची हे त्यांनी त्या पोरांना दोन मिनिटांत दाखवले असते.

ह्या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. बसचा सांगाडा, इंजिन, चाके राहिली आणि बाके आधी गेली. बाक हे बसमधले सर्वांत जास्त संख्येचे, सर्वांत जास्त जागा खाणारे आणि दुसरीकडे सर्वांत कमी उपयोगाचे सामान. म्हणून प्रश्न येतो तो बाकांचाच.

हिशोब

आता पैशांकडे येते. बावीस बाकांपैकी नऊ बाके एका शेतवाल्याने भोपळ्यांच्या मोसमात मुलांना फिरवण्याच्या गाडीसाठी प्रत्येकी २० डॉलरला नेली. चार बाके हौशी लोकांनी गॅरेजमध्ये व अंगणात ठेवायला प्रत्येकी ३० डॉलरला घेतली. त्यांना आम्ही आधीच सांगितले, की बाकाला एकाच बाजूला पाय आहेत, दुसरीकडे ठोकळा लावावा लागेल. न सांगता विकले असते तर कुणीतरी पडले असते. चार आम्ही ठेवली, त्यांचे पुढे सांगते. पाच फाटकी होती, ती भंगारात गेली.

म्हणजे बाकांचे ३०० डॉलर. दोन हीटर ८०, दिव्यांचा संच ५०, लोखंडाचे ६१, ॲल्युमिनियम व तांब्याचे ३८. एकूण जमा ५२९. खर्च: ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे, मुखपट्ट्या ९४. कुजके प्लायवुड, फोम व काचतंतू टाकण्याची फी ५२. ट्रकचे भाडे ७०. एकूण २१६. निव्वळ शिल्लक ३१३ डॉलर. तिघांचे मिळून तास झाले साधारण एकशेदहा. तासाला तीन डॉलरही पडले नाहीत. २०२५ साली ॲरिझोनातले किमान वेतनच तासाला १४.७० डॉलर होते!

ह्यांनी हा हिशोब पाहून विचारले, "मग हे कशासाठी केले?" त्याचे उत्तर त्याच वहीच्या पुढच्या पानावर होते. छताच्या पत्र्यातून आठ खिडक्या बंद झाल्या. तेवढा पत्रा नवा घ्यायचा तर अडीच-तीनशे डॉलर गेले असते. गाद्यांच्या फोममधून जेवणाच्या टेबलाची बैठक झाली. तारा, पट्टी, स्क्रू वेगळेच. थोडक्यात, विकून मिळाले त्याहून वापरून वाचले जास्त, आणि तेही कमी तासांत. माझा निष्कर्ष असा: जे तुमच्या बसमध्ये परत बसते ते सोने, जे जवळच्या गिऱ्हाइकाला थेट जाते ते चांदी, आणि ज्यासाठी जाहिरात देऊन महिनाभर फोन घ्यावे लागतात ते भंगारात घालून मोकळे व्हावे.

ठेवलेले बाक

आता त्या एका प्रश्नाबद्दल, ज्यासाठी खरे तर मला हे लिहायचे होते.

लेकीच्या मनात होते, की दोन चांगली बाके चालकाच्या मागे तशीच ठेवावीत. प्रवासात नात तिथे बसेल. दिसायला छान, शाळेची आठवण, आणि फुकट. मला ते पटेना, पण का ते सांगता येईना. मी म्हटले, "ह्याला पट्टा नाही." ती म्हणाली, "आई, मी किंडरगार्टनपासून अशाच बाकांवर बसून शाळेत गेले. पट्टा नव्हता. मला काय झाले? तू रोज मला बसमध्ये चढवून देत होतीस!"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी नोकरीत असताना माझे काम गुणवत्ता तपासण्याचे होते. उत्तर नसले की नियमाचे मूळ पुस्तक उघडायचे, एवढे तिथे शिकले. त्या रात्री मी शाळेच्या बसच्या बाकांचा केंद्र सरकारचा नियम वाचला. १ एप्रिल १९७७ पासून लागू झालेला हा २२२ क्रमांकाचा नियम आहे. मोठ्या बसमध्ये मुलांचे रक्षण पट्ट्याने नव्हे, तर बाकांच्या रचनेने करायचे, असे त्यात ठरवले आहे. बाके जवळजवळ, पाठी उंच, आणि पाठीच्या मागच्या अंगालाही गादी. पुढच्या बाकापर्यंतचे अंतर २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. २००८ च्या दुरुस्तीने पाठीची किमान उंचीही २० इंचांवरून २४ इंच केली. टक्कर झाली की मूल पुढे फेकले जाते ते पुढच्या बाकाच्या मऊ पाठीवर, आणि ती पाठ हळूहळू वाकून धक्का स्वतःत घेते. अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडे जसे खळग्यात राहते तसे. म्हणूनच सगळ्यांत पुढच्या बाकासमोर, जिथे बाक नसते तिथे, गादी लावलेली एक आडवी भिंत उभी केलेली असते.

आता पाहा. मुलाला सांभाळते ते ज्यावर ते बसले आहे ते बाक नव्हे. त्याला सांभाळते पुढचे बाक. बसमधून वीस बाके काढून दोन ठेवली, की बाके तीच राहतात, पण त्यांतली सुरक्षितता निघून जाते. ती भंगारच्या ट्रकमधून आधीच गेलेली असते.

मग जुन्या बाकाला बाजारातून पट्टा आणून लावला तर? तेही नाही. ते बाक पुढे वाकण्यासाठीच बनवलेले. त्याच्या सांगाड्यावर पट्ट्याचा ओढा पडेल असा विचार त्यात केलेला नसतो. बाक प्लायवुडला स्क्रूने आवळणे तर त्याहून वाईट. आणि भिंतीला पाठ लावून बसायचे जे लांब सोफे लोक अशा बसमध्ये करतात, त्यांवर लहान मुलांची खुर्ची कधीच बांधू नये. ती खुर्ची गाडीच्या दिशेने किंवा तिच्या बरोबर उलट दिशेने तोंड करूनच चालते, आडवी नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे लेकीला कागदावर काढून दाखवले. ती आधी रागावली. तिला वाटले, बस नकोच म्हणून मी नवे कारण काढले आहे. खरे सांगायचे तर आदल्या महिन्यात मी तशी पाच-सहा कारणे काढलीही होती, त्यामुळे तिचा दोष नाही. मी म्हटले, "तू जा. वर्षभर फिर. मी काही म्हणणार नाही. फक्त हे एक बाक मला ठरवू दे." ती बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होती. मग तिने जावयाला इंग्रजीत सगळे समजावले, माझ्यापेक्षा चांगले.

शेवटी कमरेचा व खांद्याचा पट्टा मुळातच असलेले, मुलांची खुर्ची अडकवायची लोखंडी कडी असलेले नवे बाक आम्ही घेतले. असे बाक जुनेही मिळते, पण ह्या वाळवंटात उन्हाने पट्ट्याचे काय झाले असेल ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून नवेच. बसची दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराकडून ते खालच्या लोखंडी आडव्यांना, पत्र्याखाली जाड पट्ट्या देऊन, आरपार बोल्टने बसवून घेतले. सगळे मिळून अकराशे डॉलर लागले. भंगारातून आलेले ३१३ तिकडे गेले, बाकीचे ह्यांनी दिले. न बोलता.

शेवटी

गेल्या फेब्रुवारीत बस निघाली. आता ती निळी आहे. जुन्या प्रगतिपुस्तकातला तो मुलगा रस्त्यात भेटला तरी ओळखणार नाही. दर रविवारी फोन येतो. नात आधी सांगते ती हवा कशी आहे ते, मग तिने पट्टा स्वतः लावला ते. "आजी, क्लिक ऐकू आलं?" असे विचारते. मी हो म्हणते.

आम्ही ठेवलेल्या चार बाकांचे काय झाले ते राहिलेच. दोन बाकांचे पाय काढून दुसऱ्या दोन बाकांच्या पाय नसलेल्या बाजूला जोडले, आणि दोन धड बाके झाली. बिनपायांच्या दोघांच्या गाद्या बसमधल्या बैठकीत गेल्या. ती दोन बाके मंडळाला दिली आहेत. ह्या वर्षीच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेत एस.टी. स्टँडचा प्रसंग होता तो आपण पाहिला असेल. बाके तीच. प्रेक्षकांतल्या एका आजोबांनी मला विचारले, "अगदी आपल्या एस.टी.सारखी कुठून आणली?" मी त्यांना सांगितले नाही, की ती अमेरिकन आहेत.

ज्यांना असा उद्योग करायचा आहे त्यांनी माझी वही जरूर पाहायला न्यावी. आणि हो, एकशेबत्तीस बोल्टांपैकी चांगले निघालेले साठ-सत्तर एका बोर्नव्हिटाच्या डब्यात आमच्या गॅरेजमध्ये आहेत. कुणाला लागल्यास घेऊन जावेत. डबा मात्र परत आणावा.